सातवं गाणं आईसाठी

सहावं गाणं संपलं आणि मैत्रीनं पटकन पॉज दाबला.

"थांबवलंस का गं?" नंदामावशी म्हणाल्या. "आता सातवंच ना? माझं?"

"नेट गेलंय वाटतं, मावशी."

"नेट गेलंय, आणि आत तुझ्या भावाची मॅच बरी चालू आहे!"

मावशी सकाळीच तळमजल्यावरून वर आल्या होत्या, बुद्धवंदनेला नेसतात ती पांढरीशुभ्र साडी नेसून. त्यांचा राकेश, म्हणजे सगळ्यांचा लाडका रॅपर गिट्टी, त्याचा नवा आल्बम शुक्रवारी आला होता. यातलं सातवं गाणं आईसाठी आहे, असं तो कुठल्याशा मुलाखतीत बोलला आणि मावशींनी ते विश्रांतवाडीभर केलं. दोन वर्षं पोरानं आईचा फोन उचलला नव्हता. फोन नाही तर नाही, गाण्यातून तरी हाक मारतोय, एवढ्यावर बाई हरखून गेली होती. "त्याचं ते तडतड तडतड मला कळत नाही, तू सावकाश सांग," म्हणून त्या आल्या होत्या.

आल्या त्या योग्य ठिकाणी. मैत्रीची नोकरी खराडीला आणि जीव गिट्टीत. रॅपच्या आल्बमना दहापैकी मार्क देणारं तिचं पेज होतं. हात भलता आखडता. भल्याभल्यांना तिनं चारावर बसवलं होतं. गिट्टी मात्र आठाच्या खाली कधी आला नाही. या वेळी तर नऊ देणार होती, आणि तेही या सातव्या गाण्यामुळे. शुक्रवारी ते ऐकताना आधी तिच्या अंगावर काटा आला, मग आठवलं की मावशी खाली मेथी निवडत बसल्यात.

"लाव गं."

तिनं लावलं.

*लोकांची खरकटी घासून पुसल्या हातावरच्या रेषा,*
*उपाशी गेली माय, माझ्या पोटात तिचा हिस्सा...*

"काय म्हणाला?"

"तुम्ही खूप कष्ट केलेत म्हणतोय."

"एवढं लांबलचक बोलला, ते एवढंच?"

"रॅपमध्ये तेच तेच फिरवून म्हणतात, मावशी."

मावशी हसल्या. डोळे भरून आले होते. "म्हणजे आठवण आहे त्याला."

धरणीनं पोटात घ्यावं असं मैत्रीला झालं. पुढचं तिला पाठ होतं. ती फोनकडे हात नेणार, तोच ठेका थांबला आणि राकेश साध्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत बोलला, बालवाडीतल्या पोरालाही कळेल असा.

"आई, तुला जाऊन तीन वर्षं झाली. वर बसून ऐकत असशील ना?"

गाणं संपलं. आत कुणीतरी चौकार मारला.

मावशींनी छताकडे पाहिलं. "वर तर सुशीलाबाई राहतात," त्या म्हणाल्या.

"मावशी, गाण्यात असं असतं. ती आई म्हणजे एक कॅरेक्टर असते. खरं नसतं ते."

"असू दे की. मग कॅरेक्टर जिवंत ठेवलं असतं तर काय ठेका चुकला असता?"

मैत्रीला माहीत होतं, चुकला असता. तेवढंच तर खरं होतं. आई जिवंत ठेवली असती तर गाणं पडलं असतं, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत होतं?

"आणि भांडी मी कधी घासली गं लोकांची? उभा जन्म महापालिकेच्या दवाखान्यात गेला माझा. सिस्टर म्हणतात मला अजून. भांडी घासली माझ्या आईनं. तिनं घासली म्हणून मी नाही घासली. हे सगळं त्याला माहितीय गं."

मैत्रीचा फोन घेऊन मावशी गाण्याखालच्या कमेंट चष्मा सावरून वाचू लागल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. माऊलीला मानाचा जयभीम. भावा, रडवलंस. शेकड्यांनी होत्या. कोथरूडच्या कुणीतरी लिहिलं होतं, माझी आई अजून आहे, आजच तिला फोन केला. ती कमेंट मावशींनी दोनदा वाचली.

"तू किती देणार? दहापैकी?"

मैत्री रडायला लागली.

"अगं, तू कशाला रडतेस? मेले तर मी आहे." मावशींनी स्वतःचा फोन तिच्यापुढे धरला. "यावर माझ्या नावानं जातं ना लिहिलेलं? खातं त्यानंच उघडून दिलं होतं. लिही. माझं पुण्यानुमोदन, श्रद्धांजलीचा कार्यक्रम, कुठल्या तारखेला ठेवलाय? मलाही यायचंय."

"मावशी, नको."

"लिही म्हणते ना."

मैत्रीनं लिहिलं. नंदा भालेराव या नावाखाली, चैत्यभूमीवर काढलेल्या त्यांच्या फोटोशेजारी ते उमटलं. दोघी बघत बसल्या. मावशींनी चहाला नको म्हटलं, पाण्याला नको म्हटलं. त्या फोनवरून नजर हलवेनात. आता तरी वाचेल, आता तरी लाजेल, फोन करेल. त्यांच्या तोंडावर सगळं दिसत होतं आणि मैत्रीला ते बघवेना.

तेवढ्यात कमेंटखाली छोटासा लाल बदाम उमटला, कोपऱ्यात गिट्टीचा फोटो.

"आला!" मावशी ताडकन उठल्या. "त्याचाच ना? म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"म्हणजे... त्याला आवडलं."

वरच्या श्रद्धांजलीला तोच बदाम होता. खालच्या 'भावा, रडवलंस'लाही. मावशींनी बोटानं वर सरकवून पाहिलं, खाली सरकवून पाहिलं. मग फोन बंद करून त्या दाराशी गेल्या आणि चपला शोधू लागल्या. चपला पायांसमोरच होत्या.

"बदाम दिला," त्या म्हणाल्या. "तारीख नाही दिली."