दिगंबरराव पडत नाहीत

सर्वपित्री अमावास्येला अंधार पडला आणि सोसायटीच्या गच्चीवरून पितरांचा उल्कावर्षाव दिसू लागला. अस्थींबरोबर माणसाच्या मनाची प्रतही कुपीत भरून कक्षेत पाठवायची सोय झाल्यापासून कावळ्यांना कुणी विचारत नसे. इच्छा पुरी झाली की ते मन स्वतःच कुपी खाली सोडी. ती जळाली की पितर सुटला.

शेजारच्या पाटणकरांचे आजोबा तर भजी तळून व्हायच्या आत पडले. दिगंबरराव मोरघडे मात्र तिसऱ्या वर्षीही अडून बसले होते.

"बाबा, आईला मी सांभाळेन," मुलगा शिरीष फोनवरून त्यांना म्हणाला. वर काही हललं नाही.

"गावचा प्लॉट विकणार नाही." नाहीच.

"दारू सोडतो, बाबा!"

"हे तू ते जिवंत असतानाही म्हणायचास," त्याची बायको नयना म्हणाली. "ते फसायचे नाहीत."

वर बघून बघून शिरीषच्या आईची, कुमुदताईंची, मान दुखून आली होती. नवऱ्याच्या कुपीला लागून त्यांनी स्वतःची जागा राखून ठेवली होती आणि रोज दिवा लावताना "येतेच हं" असं त्या फोनवर सांगत. आता मात्र त्या वैतागल्या.

"अहो, बसा तिथेच! मी नाही येत तुमच्याशेजारी. शिरीष, माझी राख नदीत सोड."

सरकन एक लांबलचक रेघ आकाश उजळत खाली आली. फोनवर अक्षरं उमटली: मोरघडे, मुक्त. गच्चीवर टाळ्या पडल्या. शिरीष तर रडायलाच लागला.

कुमुदताई वर बघत राहिल्या. उभ्या संसारात दिगंबररावांनी त्यांचं म्हणणं इतक्या तातडीनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.