तेल काढणारा शाम्पू

टक्! शाम्पूचं झाकण उघडलं आणि बाथरूमबाहेर सासूबाईंची पावलं थांबली.

"कसला शाम्पू?"

"केसांत साचलेलं तेल काढणारा, आई. खाज सुटलीये."

"माझ्या तेलानं? बाळंतपणापासून दर रविवारी जास्वंद-माका उकळून चोपडलं, त्याचे हे पांग फेडतेस? धू खुशाल! पण मग माझ्याशी बोलायचं नाही."

तळहातावरचा शाम्पू तसाच राहिला. नाही धुतलं, तर पुन्हा तीच बोटं, तोच ओढून घातलेला अंबाडा. धुतलं, तर घरभर अबोला. मी डोळे मिटून खसाखसा फेस काढला.

मोकळे, हलके केस पुसत बाहेर आले. सासूबाईंनी माझ्या लेकीला गुडघ्यांत करकचून धरलं होतं. तिच्या इवल्या कपाळावरून तेल डोळ्यांत उतरत होतं.

"आई," ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मी नको म्हटलं तर चालेल?"