हा कर

“तुमच्या लिव्हरचा तुकडा आईंना देता येणार नाही,” डॉक्टर योगिनी म्हणाल्या आणि मुंबईच्या हॉस्पिटलातून आलेला रिपोर्ट त्यांनी संदेशपुढे सरकवला. “चरबी तीस टक्क्यांच्या वर आहे. असं लिव्हर ते घेत नाहीत.”

संदेश बत्तीस वर्षांचा. ठाण्याला दिवसभर खुर्चीत बसून काम करायचा, वजन चौऱ्याण्णव किलो. गोदाचा तो एकुलता एक. रक्ताचं, देण्याजोगं दुसरं कोणीच नव्हतं.

“मला सहा महिने द्या, मॅडम. वजन उतरवून दाखवतो.”

“उतरवाल तुम्ही. पण सहा महिने तुमच्याकडे आहेत. आईंकडे नाहीत.”

हे त्यांनी गोदासमोरच सांगितलं. बाई खमकी आहे, तिच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, हे त्या ओळखून होत्या. गोदा शेजारच्या खुर्चीत बसली होती. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. गेल्या महिन्यात रक्ताची उलटी झाली, तेव्हा पोराला पहिल्यांदा कळलं होतं.

“सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला काय सांगितलं होतं, मावशी?” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “साखर सांभाळा, वजन कमी करा, रोज तासभर चाला. दारू न पिणाऱ्यालाही हा आजार होतो, हेसुद्धा समजावलं होतं. तुम्ही परत फिरकलाच नाहीत.”

संदेशने मान वळवली. “सहा वर्षं? तू तर म्हणालीस, आताच निघालं.”

“लिव्हर म्हटलं की वाडीत काय बोलतात, ठावं नाय तुला?” गोदा म्हणाली.

संदेश ताडकन काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. तो तसा तोंडाळ. पण तो खाली बघत रिपोर्टाची घडी घालत राहिला. गोदाला ते चमत्कारिक वाटलं.

वाडीत काय बोलतात, ते गोदाइतकं कोणाला ठाऊक असणार! तिचा नवरा दादू दारूपायी लिव्हर सडून मेला, तेव्हा संदेश नऊ वर्षांचा होता. तेराव्यानंतर गोदाने चार बायका गोळा केल्या आणि वाडीत दारू गाळणाऱ्या बाळाची हातभट्टी फोडली. दारूला तिचा हात लागला तो तेवढाच, भरलेलं पिंप उपडं करताना. त्या दिवसापासून तिच्या घराचा एक नियम झाला. आत येणाऱ्या पुरुषाने उंबऱ्यापाशी थांबायचं. गोदा म्हणायची, “हा कर.” त्याने तोंड उघडून श्वास सोडायचा. वास नसला तर आत. एकदा भाचीला बघायला आलेल्या नवऱ्या मुलालाही तिने सोडलं नाही. स्थळ मोडलं. गोदाला त्याचं काही वाटलं नाही.

अशा बाईने लिव्हर बिघडलंय म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? सकाळी सड्याच्या माळावर चालायला निघावं, तर वाटेवर बाळाचंच घर. तो ओट्यावरून ओरडला असता, “काय गो वयनी, डॉक्टरनी चालायला सांगितलान काय?” आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं असतं, भट्टी फोडली आणि स्वतः चोरून पीत होती. म्हणून ती चालली नाही. बायकांच्या बैठकीला घरोघरी साखर घातलेला चहा पुढे आला, तो तिने मुकाट्याने घेतला. डॉक्टरांचा कागद ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी गेला. तिला बरं व्हायचं नव्हतं असं नाही. तिला नाव राखायचं होतं, आणि दोन्ही एकदम जमणार नाही, हे ती स्वतःशी कबूल करत नव्हती.

निघताना डॉक्टरांनी लिव्हर मिळण्याच्या यादीत गोदाचं नाव घातल्याचं सांगितलं. कोणी मेलं, त्याच्या घरच्यांनी दिलं आणि जुळलं, तर. यादी लांब होती. मायलेकरं बाहेर पडली आणि रिक्षाने पावस गावाकडची वाट धरली. वाटेत कलमांच्या बागा गेल्या, खाडीवरचा पूल गेला.

वाडीत पोचल्यावर संदेशने तिला धरून पायऱ्या चढवल्या. गोदा उंबरा ओलांडून आत गेली आणि दाराला टेकली. तो मात्र बाहेरच थांबला. तेवीस वर्षांची सवय. तो वाकला, तोंड तिच्या नाकापाशी नेलं आणि श्वास सोडला.

“पुरे रे,” ती म्हणाली. “आज कशाला?”

“वास आला?”

“नाय.”

“दोन वर्षांमागंही येत नव्हता, आये.” त्याचा आवाज फाटला. “कंपनीच्या तपासणीत माझंही लिव्हर बिघडलेलं निघालं होतं. चाला म्हणाले, वजन उतरवा म्हणाले, वर्षभरात साफ होईल म्हणाले. मला कळेना, दारू न पिता असं कसं होतं. चालून वजन उतरवलं असतं, तर इथं आल्यावर तू कारण विचारलं असतंस. म्हणून गप्प बसलो. नि काय केलं नाय.”

गोदाने त्याच्या खांद्याला हात लावला.

“खरं सांग, आये. तेव्हा येऊन सांगितलं असतं की माझं लिव्हर बिघडलंय, पण मी पीत नाय, तर तू मला आत घेतलं असतंस?”

जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या गोदाने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.