पानातलं मीठ

बाबांच्या फोटोपुढे आत्याने केळीचं पान मांडलं. आज तेरावा दिवस, म्हणून सगळं बाबांच्या आवडीचं: बटाट्याची भाजी, पुऱ्या, श्रीखंड. शेवटी तिने डावीकडे लिंबाची फोड ठेवली आणि शेजारी चिमूटभर मीठ वाढलं.

आई भिंतीला टेकून बघत होती. इतक्या दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. कुणी चहा दिला की प्यायची, ऊठ म्हटलं की उठायची.

सहा वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली आणि आईने आमचं स्वयंपाकघरच बदलून टाकलं. सोमवारी नाचणीची भाकरी, मंगळवारी मुगाची धिरडी, बुधवारी दुधी किसून घातलेलं थालीपीठ. तिच्या हातचा तो तक्ता अजून फ्रिजवर आहे. "यापेक्षा हॉस्पिटलचं जेवण बरं होतं," असं बाबा रोज कुरकुरायचे आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे. त्या ताटात वरून मीठ मात्र पुन्हा कधी पडलं नाही.

आई अचानक उठली. पानापुढे बसून तिने ते मीठ बोटाने निपटून काढलं आणि हात पदराला पुसला.

"अगं वहिनी," आत्याचा आवाज चिरकला, "दादाला आता कसलं पथ्य?"

आईने लिंबाची फोड उचलून भाजीवर पिळली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

"लिंबू असलं," ती शांतपणे म्हणाली, "की मीठ कमी आहे ते त्यांना कळत नाही."