झाकली मूठ

नव्या फ्लॅटच्या दारांना मुठी निवडायला तिघं माझ्या दुकानात आली होती; नवरा, बायको आणि बायकोची आई. नळ, फरशी, भिंतींचा रंग, सगळं नवऱ्याने आधीच ठरवून टाकलं होतं. बायको गालावर रुमाल धरून बसली होती. मला वाटलं, दाढ दुखत असेल. मी काउंटरच्या काचेवर नमुने मांडले आणि सवयीने विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुठली मूठ पसंत?" "हिला माझीच मूठ पसंत आहे," नवरा हसत म्हणाला. "कालच दाखवली." तिचा रुमाल सरकला. गाल काळानिळा होता, डोळ्यापर्यंत सुजलेला. आई घाईने तिच्या कानाशी लागली, पण मला ऐकू आलं. "जाऊ दे गं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घर होतंय ना तुझं." बायकोने भरीव पितळेची एक गोल मूठ उचलली आणि तळहातावर तोलून बघितली. "ठेव ती, तुला काय कळतंय," म्हणत नवरा उजवा पंजा काचेवर टेकवून पुढे झुकला. तिने मूठ त्या पंजावर घातली. मग पुन्हा घातली. बोटांचा आवाज आधी आला, काचेचा नंतर. तो ओरडत खाली बसला. बोटं वाकडीतिकडी होऊन उघडीच राहिली होती. तिने पितळ रुमालाने पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "हीच द्या, भाऊ." मग ती आईकडे वळली. "आता ह्याला सांग ना, मूठ झाकायला."