मेणाचा थेंब

"मागे हो! मेणबत्तीच्या आसपाससुद्धा फिरकू नकोस तू," क्लेमेंटीनबाईंनी सुनेला हटकलं आणि काडी ओढली.

एमिली दोन पावलं मागे सरली. ज्योत थरथरली, मग सरळ उभी राहिली. अंगणात जमलेल्या बायकांचा जीव भांड्यात पडला. पडणारच! गेल्या वर्षी एमिली नवरी होऊन याच ओट्याशी आली, सासू मेणबत्ती घेऊन सामोरी गेली, आणि समुद्राकडून असा काही वारा सुटला की ज्योत फटदिशी गेली. पुढे दुभती म्हैस दगावली. वादळात केळीची बाग आडवी झाली. सगळ्याचं खापर फुटलं एमिलीच्या डोक्यावर. आज सकाळीच सासूने चारचौघांत बजावलं होतं, "आज मेणबत्ती विझली ना, तर हिचं बोचकं बांधून नायगावला बापाकडे धाडते." क्लेमेंटीनबाई बोलल्या की करायच्या. आणि सॅन्टन? तो चांगला नवरा होता हो, पण आईपुढे त्याची दातखीळ बसायची.

अंगणाच्या मधोमध गाडी उभी होती. काळी, पाठीला पोक असलेली, कासवासारखी. सॅन्टनच्या कंपनीतला गोरा साहेब मायदेशी जाताना ही जुनी गाडी त्याला स्वस्तात देऊन गेला. काल नवरा-बायको मुंबईला जाऊन ती घेऊन आले. त्याने वाटभर एकच पुराण लावलं होतं. फियाटचे, ॲम्बॅसॅडरचे चार सिलिंडर चर्चमध्ये कम्युनियन घ्यायला लागलेल्या रांगेसारखे उभे. हिचे मात्र आडवे. दोन इकडे, दोन तिकडे, मधे पायाला पाय लावून झोपलेले. एमिली मागच्या सीटवर सामानाच्या राशीत बसली होती. तिच्या पाठीला सारखी धग लागत होती आणि कानामागे घरघर चालली होती. त्या पुराणातलं तिला इतकंच कळलं. एक गोष्ट मात्र तिने स्वतः केली होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण साहेबाकडेच हरवलेलं. "सोमवारी नवीन आणतो, तोवर काहीतरी कोंबायला दे," असं सॅन्टन म्हणाला, तेव्हा तिने पिशवीतून त्याची जुनी हिरवी चौकड्याची लुंगी काढून टर्रकन फाडून दिली होती. मग तो पंपावर पेट्रोल भरायला गेला आणि ती सावलीत पाणी प्यायला थांबली.

आता सॅन्टन गाडीच्या आशीर्वादासाठी फादरांना आणायला चर्चमध्ये गेला होता. पण क्लेमेंटीनबाईंना दम कुठला! या घरात कुठलंही यंत्र आलं की फादरांच्या पवित्र पाण्याआधी त्याच्या काळजावर मेणाचा एक थेंब पडायचाच. शिलाई मशीनवर पडला होता, विहिरीवरच्या पंपावर पडला होता. गाडीचं काळीज म्हणजे इंजिन.

"युजीन, उघड रे."

युजीनकाकांनी मुंबईत टॅक्सी चालवलेली. गाडीतलं आपल्याला कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, असा त्यांचा ठाम समज. त्यांनी आत हात घालून एक खटका ओढला, पुढचं बॉनेट वर केलं आणि आत डोकावले. आत ना पंखा, ना वायरी. नुसती एक चपटी काळी लोखंडी पेटी.

"हे कसलं इंजिन?" शेजारच्या धोंडूबाईंनी विचारलं.

"फॉरेनचं! सॅन्टन सकाळी सांगत नव्हता? चारही सिलिंडर आडवे झोपलेत. म्हणून तर पेटी चपटी."

"आणि ती चिंधी?"

"धूळ जाऊ नये म्हणून तोंड झाकलंय."

पोरं पुढे घुसली. दोघं तर मडगार्डवरच चढून बसली. एमिलीच्या नाकात वास शिरला.

"आई, पेट्रोलचा वास येतोय."

"गाडीला पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?" युजीनकाका म्हणाले. सगळे खो खो हसले.

क्लेमेंटीनबाई पेटीवर वाकल्या. मेणबत्ती हळूहळू तिरकी होऊ लागली. एमिलीने मान उंचावून पाहिलं. पेटीच्या तोंडात कोंबलेली चिंधी हिरवी होती, चौकड्याची, ओली.

कालच तिने स्वतःच्या हाताने फाडलेली. ओरडावं, तर आताच सगळे हसले होते. ज्योतीला हात लावावा, तर घर सुटलं. मेणबत्तीच्या टोकाशी थेंब लोंबू लागला.

एमिलीने झेप घेतली आणि ज्योत मुठीत धरली.

चर्र झालं. मेण बोटांवरून ओघळलं.

"अवदसे!" क्लेमेंटीनबाईंनी तिच्या मुठीतून मेणबत्ती हिसकावली. "विझवलीस! पुन्हा विझवलीस! चल, बांध तुझं बोचकं!"

तेवढ्यात सॅन्टन सायकल ढकलत फाटकातून आत आला. उघडं बॉनेट पाहिलं आणि सायकल त्याच्या हातातून सुटली.

"कुणी उघडलं हे? काका, इंजिन मागे आहे! ही पेट्रोलची टाकी आहे, काठोकाठ भरलेली!"

युजीनकाकांनी मडगार्डवरची पोरं एकेक करून उचलली आणि लांब नेऊन ठेवली. क्लेमेंटीनबाई टाकीकडे बघत राहिल्या, मग सुनेच्या भाजलेल्या तळहाताकडे.

मागून धापा टाकत म्हातारे फादर पोचले. घडलेलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"अरे, मेणबत्ती विझली वाटतं?" ते म्हणाले आणि झग्याच्या खिशात काडेपेटी चाचपू लागले.

क्लेमेंटीनबाईंनी एमिलीचा हात आपल्या पदरात घेतला.

"राहू द्या फादर," त्या म्हणाल्या. "विझलेलीच बरी."