कोपऱ्यातली जागा

भवानी पेठेतल्या आमच्या घोंगड्यांच्या दुकानातच आम्ही राहतो. पुढं माल रचलेला, मागं पडदा, आणि पडद्यामागं आमची चूल. गेल्या आठवड्यात गिरणीचा भोंगा वाजत असताना तिथंच माझी लेक जन्मली.

आज तिची नाळ गळून पडली. कोपऱ्यात पुरावी म्हणून मी खुरपं काढलं, तोच जागेचे मालक सिद्रामप्पा दारात उभे राहिले. सोबत त्यांची म्हातारी आई गौराव्वा, बाळाला टोपडं घेऊन आलेल्या.

"दुकान घोंगड्या ठेवायला दिलंय, संसार मांडायला न्हाय," मालक म्हणाले. "आन् नाळ हितं पुरू नको. पुरलीस की ही पोर उद्या म्हणंल, जागा माझी हाय."

"म्हणू दे की, मालक. जन्मली हितं, तर पुरायची कुटं?"

"पुरलीस तर उद्याच जागा रिकामी करायची. दुकानात कुणी नाळ पुरतंय व्हय?"

लेकीच्या मुठीत माझं बोट अडकलं होतं. ते हळूच सोडवलं, तिला घोंगडीवर निजवलं आणि खुरपं जमिनीत घातलं.

मालक तावातावानं पुढं आले. गौराव्वांनी त्यांचा दंड धरून त्यांना थांबवलं, आणि गुडघ्यावर हात टेकत माझ्याशेजारी बसल्या.

"जरा डावीकडं सरकून खण, बाई. तितं ह्याची हाय."